रानफेरी : पाहायला शिकण्याची एक शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाच्या समारंभात पाककृती, भरतकाम, बालसंगोपन किंवा भजन यांविषयी कोणी बोलले तर ते आपल्या सवयीचे असते. यंदा चिटणीसबाईंनी मला जंगलाविषयी बोलायला सांगितले, तेव्हा आमच्या घरातच पहिला प्रश्न निघाला, "महिला मंडळात जंगल कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी आज उभी आहे. माझे बोलणे आवडले नाही तरी निदान शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या गच्चीवरून बोरिवलीचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात ते हिरवे होतात, उन्हाळ्यात करडे पडतात, आणि आपण कपडे वाळत घालता घालता त्यांच्याकडे एकदा पाहून खाली उतरतो. त्या डोंगरांत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचा विस्तार सुमारे 104 चौरस किलोमीटर. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला ठाणे, आणि मधोमध हे रान. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जाती आणि फुलपाखरांच्या सुमारे दीडशे जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत. एवढ्या मोठ्या नगराला लागून बिबट्या राहतो असे रान जगात फार थोड्या ठिकाणी असेल. परदेशचे लोक ते पाहायला येतात, आणि आपण मात्र पाहुणे आले की त्यांना कान्हेरीची लेणी दाखवून परत आणतो.

या उद्यानात जाणत्या माणसाबरोबर पायी हिंडण्याचा जो कार्यक्रम असतो, त्याला मी रानफेरी म्हणते. उद्यानाचे निसर्ग माहिती केंद्र अशा फेऱ्या काढते. गोरेगावला चित्रनगरीच्या बाजूला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शिक्षण केंद्र आहे, तेथूनही त्या निघतात. ही संस्था 1883 साली मुंबईतल्या आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी स्थापन केली. आगाऊ नाव नोंदवावे, ठरलेली फी भरावी आणि सांगितलेल्या वेळी फाटकाशी हजर व्हावे, इतके ते सोपे आहे. शिलोंडा वाटेसारख्या काही वाटा अशा आहेत की परवानगी आणि मार्गदर्शक असल्याखेरीज तेथे जाताच येत नाही.

रानफेरी आणि सहल यांत फरक आहे, तो आधी सांगते. सहलीत आपण घरच उचलून बाहेर नेतो. डबे, सतरंज्या, पत्ते, अंताक्षरी, सगळे बरोबर असते. त्यातही आनंद आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु संध्याकाळी परतल्यावर कोणी विचारले की काय पाहिले, तर आपल्याला पुलाव आणि भेंड्या आठवतात, झाड एकही आठवत नाही. रानफेरीत घर फाटकाबाहेर ठेवावे लागते. तीन तासांत चालणे होते अवघे दोन-तीन किलोमीटर. तेवढ्यात मार्गदर्शक वीस-पंचवीस वेळा थांबतो, आणि खरी फेरी त्या थांबण्यातच असते.

फेरीचे नियम थोडे आहेत आणि प्रत्येकाला कारण आहे. सकाळी सहा-सातच्या सुमारास जमायचे, कारण ऊन चढले की पाखरे सावलीला जातात आणि गाणे थांबते. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घालायचे. लालभडक, पिवळेधमक नकोत. अत्तर आणि सुगंधी तेल लावायचे नाही, कारण जनावराचे नाक आपल्या नाकाच्या कितीतरी पुढे असते. गजरा घरी ठेवायचा आणि बांगड्या मोजक्या घालायच्या. बोलायचे ते हळू. वीस-पंचवीसांहून अधिक माणसे एका मार्गदर्शकाबरोबर जात नाहीत, गेली तर मागच्यांना काही ऐकू येत नाही. आणि शेवटचा नियम सर्वांत कडक : काही तोडायचे नाही, उचलायचे नाही, टाकायचे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानातले पानही आपले नसते.

आता थांबून काय दाखवतात, ते सांगते.

पहिले झाड बहुधा सागाचे असते. साग कोणाला ठाऊक नाही? घरातले कपाट सागाचे, देव्हारा सागाचा. पण सागाचे कोवळे पान तळहातावर चुरगळले तर हात मेंदी लावल्यासारखा लाल होतो, हे खेड्यातून आलेल्या बायकांनाच ठाऊक असते. पावसाळा सरता सरता सागाच्या पानांची जाळी झालेली दिसते, शिरा तेवढ्या राहतात आणि मधला हिरवा भाग नाहीसा होतो. एखाद्या बाईने क्रोशाने विणावे अशी ती जाळी एका लहानशा पतंगाच्या अळ्या करतात. त्या अळ्यांवर पाखरांची पिल्ले वाढतात. झाड मरत नाही, पुढच्या पालवीला पुन्हा हिरवे होते. ज्याला आपण कीड म्हणून नाक मुरडले असते, ते कुणाचे तरी ताट असते.

जवळच ऐनाचे झाड असते. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. याच ऐनाच्या पानांवर टसर रेशमाचे किडे वाढतात. आपल्या टसरच्या साडीचे मूळ अशा झाडावर आहे, हे झाडाशी उभे राहून ऐकताना निराळेच वाटते.

पुढे उंबर. दत्ताचे झाड म्हणून आपण त्याला नमस्कार करतो. फार दिवसांनी कोणी घरी आले की आपण म्हणतो, "काय हो, उंबराचे फूल झालात!" उंबराला फूल दिसत नाही, म्हणून हा वाक्प्रचार पडला. मार्गदर्शकाने पडलेले एक उंबर फोडून दाखवले, तेव्हा कळले की आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोटातच शेकडो बारीक फुले असतात. आणि फोडल्यावर जे बारीक किडे दिसतात, ज्यांच्यामुळे आपण उंबर खाताना तोंड वाकडे करतो, ते उंबराच्या घरचेच असतात. गांधीलमाशीच्या जातीचा तो इवलासा कीटक. त्याची मादी फळाच्या टोकाच्या चिमुकल्या भोकातून आत शिरते. शिरताना तिचे पंख गळून पडतात. आतल्या फुलांत ती अंडी घालते, दुसऱ्या उंबरातून आणलेले पराग फुलांना देते आणि तेथेच मरते. पुढे तिच्या वंशातले बिनपंखी नर भिंत पोखरून वाट करतात आणि नव्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. हा कीटक नसेल तर उंबराला बी धरणार नाही आणि उंबर नसेल तर कीटकाला घर नाही. इतक्या वर्षांत उंबराभोवती प्रदक्षिणा पुष्कळ घातल्या, पण त्याच्या पोटात हा संसार चालला आहे, हे त्या सकाळी कळले. नमस्कार त्यामुळे कमी झाला नाही, अधिकच मनापासून होऊ लागला.

वारुळाशीही असेच थांबतात. नागपंचमीला आपण वारूळ पुजतो, पण ते बांधते वाळवी, नाग तेथे भाडेकरू म्हणून येतो. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांचे घर दाखवतात. कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून, विणकराने धोटा फिरवावा तशा, इकडून तिकडे फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो आणि पाने शिवली जातात. शिवणाच्या वर्गातील भगिनींनी हे एकदा जरूर पाहावे.

पाखरांची तर गंमतच आहे. आपल्या भाषेने पाखरांत सगळे गाव वसवले आहे. तांब्याच्या पत्र्यावर ठोके घातल्यासारखा टुक् टुक् आवाज काढतो तो तांबट. पाने शिवून घरटे करतो तो शिंपी. खोडावर चोच मारतो तो सुतार. भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो तो खाटीक. पाणवठ्याशी शेपूट वरखाली आपटतो तो परीट. आणि आपल्याहून मोठ्या पाखरांनाही हुसकून लावतो तो कोतवाल. कोतवालाच्याच कुळातला भृंगराज, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसांचे झुबके मिरवणारा, दुसऱ्या पाखरांच्या हुबेहूब नकला करतो. ही नावे कोणा पंडिताने एका दिवसात बसवलेली नाहीत. शेतावर, पाणवठ्यावर, अंगणात पाहता पाहता बायकापुरुषांनी ती ठेवली. ज्यांनी नावे ठेवली त्यांचे डोळे किती तल्लख असतील! आज आपल्या मुलांना चिमणी, कावळा, पोपट, कबूतर यांपलीकडे पाचवे नाव सांगता येत नाही. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्यांना सांगायला आपल्यालाच नाव आठवत नाही.

भगिनींनो, मला जे म्हणायचे आहे ते येथे आले. ज्याचे नाव कळले त्याच्याशी ओळख झाली, आणि ज्याच्याशी ओळख झाली त्याच्या बऱ्यावाईटाची काळजी वाटू लागते. शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसांची नावे ठाऊक नसली तर तेथे काय घडते याचे आपल्याला सोयरसुतक नसते. झाडाचेही तसेच. "एक झाड तोडले" ही बातमी वाचून आपण पान उलटतो. "तो फाटकाजवळचा बहावा तोडला" असे कोणी म्हणाले तर जीव हळहळतो. रानफेरी आपल्याला ही ओळख करून देते.

एक नाव सांगणारा मनुष्य भेटल्याने काय होते, याचे उदाहरण मुंबईतलेच आहे. डॉ. सालिम अली (1896–1987) लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे विचारायला मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. त्यांनी चिमणी ओळखून दिली आणि कपाटे उघडून जतन केलेल्या पाखरांचा संग्रह दाखवला. त्या मुलाने पुढे जन्मभर पक्ष्यांचाच अभ्यास केला आणि 1941 साली भारतातील पक्ष्यांवरील त्याचे पुस्तक निघाले, त्यावर कित्येक पिढ्या पाखरे ओळखायला शिकल्या. प्रत्येक मूल सालिम अली होणार नाही. पण विचारणाऱ्या मुलाला "गप्प बस" म्हणावे की कपाट उघडून दाखवावे, हे मोठ्यांच्या हातात असते.

स्त्रियांनी हा अभ्यास पूर्वी केला नाही असे मात्र कोणी समजू नये. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' 1956 साली प्रसिद्ध झाले. मुंबईत राहून, महिन्यामागून महिना झाडे, पाखरे, ढग यांकडे एका बाईने किती बारकाईने पाहिले, हे त्यात दिसते. जानकी अम्मल (1897–1984) यांनी वनस्पतिशास्त्रात देशाचे नाव उंच केले. आणि ज्यांची नावे पुस्तकात नाहीत त्या आपल्या आज्या? मंगळागौरीची पत्री गोळा करायला त्या निघत, ती रानफेरीच होती. आघाडा कोणता, माका कोणता, बेल कोठे मिळेल, हे त्यांना पाठ असे आणि बरोबरच्या नातीला ते आपोआप शिकायला मिळे. आता पत्रीची जुडी बाजारात बांधून मिळते. पूजा होते, ओळख होत नाही.

गेल्या खेपेच्या एका फेरीत आमच्याबरोबर पासष्टीच्या पुढच्या एक आजी होत्या. माहेर शहापूरकडचे, शाळा चौथीपर्यंत. मार्गदर्शक तरुण मुलगा, शास्त्र शिकलेला, फार हुशार. एका झाडाशी थांबून त्याने त्याचे लॅटिन नाव सांगितले, कूळ सांगितले. आजी हळूच म्हणाल्या, "अरे बाळा, हा तर बोंडारा. आमच्याकडे याचे जळण असे." पुढे त्यांनी शेवळा कोणत्या दिवसांत उगवतो, करटोलीचा वेल कसा ओळखायचा, टाकळ्याची भाजी कोवळी असताना का खुडायची, हे सांगायला सुरुवात केली. त्या मुलाने वही काढली आणि आजी सांगतील तसे लिहून घेऊ लागला. आजींच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कधी विसरणार नाही. घरी त्यांना कोणी काही विचारत नाही, असे त्या जाताना सहज बोलून गेल्या. आपल्यात अशा किती आजी आहेत, ज्यांच्याकडचे सारे ज्ञान विचारणाऱ्यावाचून पडून आहे!

कारवीचे उदाहरण घ्या. या डोंगरांच्या उतारावर कारवीचे दाट रान आहे. तिच्या सरळ काठ्यांवर शेण-माती लिंपून कुडाच्या भिंती होत, हे कोकणातल्या भगिनींना सांगायला नको. ही कारवी वर्षानुवर्षे फुलत नाही आणि आठव्या वर्षी एकदम फुलते. सारा उतार जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, बी धरते आणि ती झाडे वाळून जातात. येथील कारवी 2008 साली फुलली, 2016 साली फुलली, 2024 साली फुलली. पुढचा बहर 2032 च्या सुमारास येईल. आज जी मुलगी पहिलीत आहे ती तेव्हा बरीच मोठी झालेली असेल. सासूने सुनेला, सुनेने लेकीला "ही कारवी, हिची वाट पाहा" असे सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

कान्हेरीची लेणीही याच रानात आहेत. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारापासून पुढे हजारेक वर्षे कातळात कोरत गेलेली. मूर्ती पाहून आपण परततो. जाणता मनुष्य लेण्यालेण्याशी खोदलेली पाण्याची टाकी दाखवतो. जुन्या लेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस दगडी चरांतून या पोढ्यांत आणला आणि उन्हाळाभर पुरवला. आणि देणग्यांच्या ब्राह्मी लेखांत पुरुषांबरोबर स्त्रियांची आणि भिक्षुणींचीही नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात सार्वजनिक कामाला बायकांनी आपल्या नावाने दान दिले आहे. तेव्हा महिला मंडळाचे आणि या रानाचे नाते काही नवीन जोडावे लागत नाही.

पाण्यावरून आणखी एक सांगते. विहार तलाव 1860 साली आणि तुळशी तलाव 1879 साली पुरा झाला. दोन्ही याच डोंगरांच्या कुशीत आहेत आणि आजही शहराच्या पाण्यात, लहानसा का होईना, त्यांचा वाटा आहे. तुळशीपासून दहिसर नदी निघते, विहार आणि पवई यांच्या सांडव्यापासून मिठी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस आपल्यापैकी कोण विसरेल? तशा पावसाला कोणते रान पुरे पडेल असे मी म्हणत नाही. पण दर वर्षीच्या पावसाचे पाणी पानांवर, पाचोळ्यावर, मुळांवर अडखळत उतरते म्हणून ते मुरते. उघड्या उतारावरून तेच पाणी मातीसकट धावत खाली येते. नळाला येणारे पाणी कोठून येते, हे गृहिणीने पाहून ठेवणे गैर आहे काय?

आता शंकांकडे वळते. पहिली शंका बिबट्याची. ती खोटी नाही. 2004 साली उद्यानाच्या कडेला बिबट्याने माणसांवर हल्ले केले आणि माणसे दगावली. त्या घरांचे दुःख आपण हलक्याने घेऊ नये. त्यानंतर अभ्यास झाला आणि असे दिसले की एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की त्रास मिटत नाही, उलट वाढतो. आणि कचऱ्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. 2015 च्या गणनेत या परिसरात 35 बिबटे मोजले गेले. म्हणजे ते शेजारी आहेत, आणि शेजाऱ्याबरोबर कसे वागावे हे शिकावेच लागते. अंधार पडल्यावर मुलांना रानाच्या कडेला एकटे सोडू नये, कचरा उघड्यावर टाकू नये, तिन्हीसांजेला उकिडवे बसून काम करू नये. सकाळी वीस माणसांचा जमाव मार्गदर्शकाबरोबर चालत असताना बिबट्या आपणहून दूर राहतो. मला आजवर त्याचा पाऊलठसा दिसला, तो दिसला नाही. रानातल्या वारली पाड्यांतील लोक वाघोबाला पिढ्यान्‌पिढ्या पुजत आले. भीती आणि आदर यांची सांगड त्यांनी केव्हाच घातली आहे. ते बोलू लागले की आपण ऐकावे, कारण फेरी त्यांच्या अंगणातून जात असते.

दुसरी शंका गुडघ्यांची. सगळ्याच वाटा चढाच्या नाहीत, सपाट वाटाही आहेत, नाव नोंदवताना विचारून घ्यावे. काठी आणली तर कोणी हसत नाही. तिसरी शंका, "याचा उपयोग काय?" भगिनींनो, हा प्रश्न पुरुषांच्या क्रिकेटला कोणी विचारत नाही!

खरी अडचण यांपैकी कोणतीच नाही. खरी अडचण रविवारची सकाळ ही आहे. फेरी बहुधा रविवारी असते, आणि रविवार सर्वांच्या सुटीचा असल्यामुळे गृहिणीच्या कामाचा असतो. सर्वांना उशिरा चहा, मग पोहे, मग साग्रसंगीत जेवण. अशा दिवशी सहा वाजता घरची बाई पिशवीत पाण्याची बाटली टाकून निघाली तर घरात जणू भूकंप होतो. मी अनुभवाने सांगते, भूकंप होत नाही. पहिल्या रविवारी चहात साखर जास्त पडते, दुसऱ्या रविवारी ती बरोबर पडते. महिन्यातून नव्हे, तीन महिन्यांतून एक सकाळ आपण स्वतःच्या डोळ्यांसाठी मागितली तर ते जास्त मागणे होत नाही. आणि एकटीने मागायला जड जाते तेच मंडळाने मागितले की सोपे होते. मंडळे निघाली ती याचसाठी.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना अशी. वार्षिक सहल जशी आहे तशी चालू द्यावी. तिच्या जोडीला वर्षातून चार रानफेऱ्या ठेवाव्या. पावसाच्या आरंभी एक, भाद्रपदात फुले असतात तेव्हा एक, थंडीत पाहुणे पक्षी येतात तेव्हा एक, आणि फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा एक. म्हणजे एकच वाट चार वेषांत दिसेल. प्रत्येक फेरीला वीसजणींची यादी करावी आणि प्रत्येकीने घरातली एक मुलगी, सून किंवा सासू बरोबर आणावी असा आग्रह धरावा. ज्या भगिनींना फी जड जाईल त्यांची ती मंडळाच्या निधीतून कोणाला न कळेल अशी भरावी. आणि मंडळाची एक वही ठेवावी. त्या वहीत पाहिलेल्या झाडापाखराचे नाव, तारीख, आणि आपल्यातल्या जुन्या बायका त्याला काय म्हणतात, एवढे लिहावे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे मिळवून आपल्या भाषेला किती शब्द दिले! आपली वही त्यापुढे लहान, पण मालवणची भगिनी एका पाखराला काय म्हणते आणि वऱ्हाडची काय म्हणते, हे एका पानावर आले तरी ते जपण्यासारखे होईल.

पुढच्या वर्धापनदिनी ही वही आपण टेबलावर मांडू. दहा पाने भरली तरी पुष्कळ. आपल्या डोंगरांविषयी उद्या कोणी काही ठरवू लागला आणि आपले मत विचारले, तर "आम्हाला काय कळते" असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येऊ नये. आम्हाला कळते, आम्ही जाऊन पाहिले आहे, ही आमची वही, असे आपल्याला म्हणता यावे.

 चिटणीसबाईंकडे पहिल्या फेरीची यादी ठेवली आहे. जाताना ज्यांना वाटेल त्यांनी नाव घालावे, आणि बरोबर कोणाला आणणार तेही लिहावे. एवढे बोलून मी आपली रजा घेते.